विस्तारणारे नगर आणि सार्वजनिक वाहतूक : रायपूरचे उदाहरण

नगर दोन रीतींनी वाढते. जुन्या जागेवरच घरावर घर चढते, किंवा भोवतालची शेते मोडून वस्ती बाहेर सरकत जाते. पहिल्या रीतीत बसगाडीचे काम सोपे होते, दुसऱ्या रीतीत ते दुर्घट होऊन बसते. याचे कारण साध्या भूमितीत आहे. मध्यापासून ५ किलोमीटरपर्यंत पसरलेले वर्तुळाकार शहर १० किलोमीटरपर्यंत पसरले, तर त्याची त्रिज्या दुप्पट पण क्षेत्रफळ चौपट होते. लोकसंख्या तेवढ्या काळात दुप्पटच झाली असेल, तर दर चौरस किलोमीटरमागे राहणारी माणसे निम्मी होतात आणि प्रत्येकाला जावयाचे अंतर मात्र वाढते. थोड्या माणसांसाठी लांबवर धावावयाचे, असा हा व्यवहार होतो.

छत्तीसगढची राजधानी रायपूर हे या दुसऱ्या रीतीचे बोलके उदाहरण होय. १९०१ च्या जनगणनेत येथे सुमारे ३२ हजार लोक होते. २००१ मध्ये शहराची लोकसंख्या ६ लाखांच्या घरात गेली आणि २०११ मध्ये ती १० लाखांवर पोहोचली. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगढ राज्य स्थापन झाले, तेव्हापासून या वाढीला राजधानीपणाची जोड मिळाली. पूर्वी तळ्यांच्या काठाने वसलेले हे गाव आता चारी दिशांना हातपाय पसरीत आहे, आणि बस प्रथम कोणत्या दिशेला न्यावी, हा प्रश्न तेथील नगरवासीयांपुढे उभा आहे. तो केवळ अभियंत्यांचा प्रश्न नव्हे. ज्या घरात दुचाकी नाही, किंवा असलेली एकच दुचाकी सकाळी घरचा कर्ता घेऊन जातो, त्या घरातील मुलीने कोणत्या महाविद्यालयात नाव घालावे आणि आईने कोणते काम धरावे, हे बसच्या मार्गावरून ठरत असते.

शहराची ठेवण

रायपूरचा नकाशा समोर ठेवला तर पश्चिमेकडून पूर्वेकडे जाणारा एक लांब रस्ता दिसतो. तो ग्रेट ईस्टर्न रोड, लोकांच्या तोंडचा जी. ई. रोड. पश्चिमेस टाटीबंध, तेथे अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे रुग्णालय. पुढे पंडित रविशंकर शुक्ल विद्यापीठ व तंत्रज्ञान संस्था. मग आमापारा, तात्यापारा, शारदा चौक आणि जयस्तंभ चौक. आणि शेवटी पूर्वेस तेलीबांधा तलाव. तात्यापारा या नावातील ‘तात्या’ मराठी वाचकाच्या सहज ध्यानात येईल. अठराव्या शतकाच्या मध्यास नागपूरकर भोसल्यांचा अंमल या प्रांतावर बसला, त्या काळापासून येथे मराठी कुटुंबे नांदत आली आहेत. या तात्यापाऱ्यापासून शारदा चौकापर्यंतचा रस्ता इतका अरुंद आहे की त्याच्या रुंदीकरणाची चर्चा अनेक वर्षे चालली. सबंध शहराच्या मुख्य वाहिनीला पडलेली ही गाठच म्हणावयाची.

जी. ई. रोडच्या उत्तरेस हावडा-मुंबई लोहमार्ग व रायपूर स्थानक, आणि रुळांपलीकडे गुढियारीची दाट वस्ती. त्याहून उत्तरेस बिलासपूरच्या वाटेवर भनपुरी, बीरगाव, उरला व सिलतरा हा कारखान्यांचा पट्टा. दक्षिणेस जुनी वस्ती, बूढा तलाव, मग वळणरस्ता, भाटागाव, आणि त्यापलीकडे डुंडा, सेजबहार येथील नव्या वसाहती. आग्नेयेस माना येथील विमानतळ ओलांडून शेतांच्या मध्ये उभी केलेली नवी राजधानी, नवा रायपूर. पश्चिमेस खारून नदीपलीकडे भिलाई व दुर्ग. एवढ्या दिशा, आणि गाड्या मोजक्या.

त्या किती मोजक्या हेही पाहू. केंद्र सरकारने २०२३ मध्ये शहरांसाठी विजेवरील बसगाड्यांची योजना जाहीर केली. तीत रायपूरच्या वाट्याला १०० गाड्या मंजूर झाल्या. दहा लाखांवरील शहराला शंभर गाड्या, म्हणजे दहा हजार माणसांमागे एकही पुरती येत नाही. महाराष्ट्रातील एस. टी.सारखे सरकारी महामंडळ छत्तीसगढात नाही. गावोगावच्या प्रवासी गाड्या खाजगी मालकांच्या आहेत. उरलेली गरज सामाईक रिक्षा आणि विजेवर चालणाऱ्या ई-रिक्षा भागवितात.

चारशे मीटरांचे गणित

बससाठी माणूस किती चालतो? निरनिराळ्या देशांतील अनुभव असा की साधारणपणे ४०० मीटर, म्हणजे पाच-सहा मिनिटे, तो कुरकुर न करता चालतो. आगगाडीसाठी याच्या दुप्पट चालावयासही तयार होतो. रायपुरात मे महिन्यात पारा ४४ अंशांवर चढतो, तेव्हा सावली नसलेले चारशे मीटर मोठे वाटू लागतात, हे वेगळे सांगावयास नको.

आता बसच्या मार्गाच्या दोन्ही अंगांना चारशे चारशे मीटरांची पट्टी आखा. मार्गाच्या प्रत्येक किलोमीटरमागे ०.८ चौरस किलोमीटर, म्हणजे ८० हेक्टर जागा त्या पट्टीत येते. दाट वस्तीत हेक्टरी २०० माणसे राहतात असे समजू. मग त्या एका किलोमीटरने १६,००० माणसांना बस जवळ आणली. नव्या विरळ वसाहतीत हेक्टरी ४० माणसे असतील, तर तेवढ्याच डांबरावर, तेवढ्याच विजेत, तेवढ्याच चालकाच्या पगारात केवळ ३,२०० माणसांची सोय झाली. अंतर पाचपटीचे आहे.

परंतु ही पट्टी कागदावर जितकी नीट तितकी जमिनीवर नसते. मध्ये तळे आले तर त्याला वळसा घालावा लागतो. रेल्वेचे रूळ आले तर दूरवरचा भुयारी रस्ता किंवा पूल शोधावा लागतो. गुढियारीच्या रहिवाशाला स्थानक डोळ्यांसमोर दिसते, पण पाय मात्र दूरच्या वाटेने न्यावे लागतात. म्हणून शहाणा नियोजक कंपासाने वर्तुळे काढून थांबत नाही. तो प्रत्यक्ष चालून पाहतो. कित्येकदा नवी बस सुरू करण्यापेक्षा रुळांखालून एक पादचारी वाट काढल्याने अधिक माणसे जाळ्यात येतात.

थांब्यावरची प्रतीक्षा

दुसरे गणित वेळेचे. जी. ई. रोडवर टाटीबंध ते तेलीबांधा व थोडे पुढे असा १२ किलोमीटरांचा मार्ग धरा. गर्दीत बसचा सरासरी वेग ताशी १५ किलोमीटर असेल तर एका दिशेला ४८ मिनिटे लागतात. जाणे, येणे आणि दोन्ही टोकांना सहा-सहा मिनिटे विसावा, अशी १०८ मिनिटांची फेरी झाली. या मार्गावर १२ गाड्या असतील तर दर ९ मिनिटांनी एक गाडी येईल. वेळापत्रक न पाहता थांब्यावर गेलेल्या माणसाला सरासरी त्याच्या निम्मे, म्हणजे साडेचार मिनिटे थांबावे लागेल. आणि गाड्या तीनच असतील तर? गाडी दर ३६ मिनिटांनी येईल, सरासरी प्रतीक्षा १८ मिनिटांची होईल. अशा बसची वाट ज्याला दुसरा उपायच नाही तोच पाहील.

शंभर गाड्यांपैकी दहा दुरुस्तीत व राखीव धरल्या तर नव्वद उरतात. त्या तीस मार्गांवर तीन-तीन वाटून दिल्या तर नकाशा सुरेख भरतो, प्रत्येक प्रभागातून एकेक रेघ जाते, आणि कोठेही बस वेळेवर मिळत नाही. त्याच गाड्या सात मार्गांवर बारा-बारा लावल्या तर नकाशा उघडा दिसतो, पण सात रस्त्यांवर माणूस घड्याळ न पाहता घराबाहेर पडू शकतो. प्रत्येक प्रभागाला काही ना काही द्यावे, हा मोह नगरपालिकांना नेहमी होतो. तो न्यायाचा वाटतो. प्रत्यक्षात तीन गाड्यांचा मार्ग बहुधा दोन वर्षांत बंद पडतो, आणि ‘येथील लोक बसने जातच नाहीत’ असा शेरा मागे राहतो.

अर्थशास्त्रज्ञ हर्बर्ट मोरिंग याने १९७२ मध्ये याच गोष्टीची उलट बाजू दाखवून दिली. प्रवासी वाढले की गाड्या वाढवाव्या लागतात. गाड्या वाढल्या की प्रतीक्षा घटते. आणि त्याचा लाभ नव्या प्रवाशालाच नव्हे तर पूर्वीच्या प्रत्येक प्रवाशाला मिळतो. रस्त्यावर मोटारी वाढल्या म्हणजे प्रत्येकाची गती मंदावते, बसमार्गावर प्रवासी वाढले म्हणजे प्रत्येकाची सोय वाढते. म्हणून विस्ताराचा पहिला अर्थ बाहेर जाणे असा न घेता, आहे त्या मार्गावर दाट होणे असा घ्यावा.

याच ठिकाणी तात्यापाऱ्याच्या गाठीची किंमतही काढता येते. बससाठी रस्त्याची एक कड मोकळी राखली, चौकात तिला आधी जाऊ दिले, आणि त्यामुळे वेग १५ वरून २० वर गेला असे समजा. फेरी १०८ ऐवजी ८४ मिनिटांची होईल आणि त्याच बारा गाड्या ९ ऐवजी ७ मिनिटांनी येऊ लागतील. जुन्या वेगाने ७ मिनिटांचे कालांतर साधावयास सोळा गाड्या लागल्या असत्या. चार गाड्यांचे काम चुन्याच्या पट्ट्याने आणि एका पोलीस शिपायाने केले! अर्थात पट्टा आखणे सोपे आणि राखणे कठीण. पुण्यात २००६ मध्ये स्वारगेटहून कात्रज व हडपसरकडे बससाठी स्वतंत्र मार्गिका केल्या, त्यांत इतर वाहने घुसू लागली आणि मार्गिकेचा अर्थच उरेना, हे पुणेकर वाचकांना ठाऊक आहे.

नवी राजधानी आणि एकतर्फी गर्दी

राज्याचे मंत्रालय २०१२ मध्ये नव्या रायपुरात गेले. कचेऱ्या गेल्या, पण कर्मचाऱ्यांपैकी पुष्कळ जण राहावयास जुन्या रायपुरातच उरले. या दोन शहरांना जोडण्यासाठी जागतिक बँकेच्या साह्याने जलद बससेवा उभारण्यात आली. तिचे उद्घाटन १ नोव्हेंबर २०१६ रोजी झाले. रुंद रस्ते, नेटके थांबे, मोकळा मार्ग, असे जे जुन्या शहरात हवे ते सारे येथे आहे. उणीव एकच, माणसांची.

येथे हिशेबाची एक गंमत आहे. नव्या रायपूरची बस २५ किलोमीटर ताशी ३० च्या वेगाने ५० मिनिटांत जाते असे धरू. विसाव्यासह तिची फेरी ११० मिनिटांची, म्हणजे जी. ई. रोडवरील बसइतकीच होते. सकाळी जाताना तिची ४० आसने भरलेली, परत येताना समजा १० माणसे: एका फेरीत ५० प्रवासी. जी. ई. रोडवर मात्र कोणी रुग्णालयापासून विद्यापीठापर्यंत जातो, कोणी तेथून बाजारात, कोणी बाजारातून तेलीबांध्याला. एकच आसन एका दिशेत तीनदा विकले जाते. ४० आसने, तीन वेळा, दोन दिशा: २४० प्रवासी. पण माणसांऐवजी प्रवासी-किलोमीटर मोजले तर पारडे फिरते. जी. ई. रोडवर प्रत्येकी सुमारे ४ किलोमीटर धरून ९६०, आणि नव्या रायपूरला ५० माणसांचे प्रत्येकी २५, म्हणजे १,२५०! अहवालात कोणता आकडा छापावयाचा यावरून निष्कर्ष ठरतो. तथापि दुसरी गाडी त्यासाठी ५० किलोमीटर धावली आणि पहिली २४. दर धाव-किलोमीटरमागे पाहिले तर २५ विरुद्ध ४० असा हिशेब पडतो. आमच्या मते मोजावीत ती माणसेच, कारण प्रतीक्षा आणि गैरसोय किलोमीटरला होत नाही.

एका टोकाला केवळ कचेऱ्या आणि दुसऱ्या टोकाला केवळ घरे असली की अशी एकतर्फी गर्दी होणारच. नागपूरचा अनुभव येथे उपयोगी आहे. तेथील मेट्रोचा पहिला भाग मार्च २०१९ मध्ये सीताबर्डीहून दक्षिणेस खापरीकडे, विरळ वस्तीतून सुरू झाला. आरंभी डबे रिकामे धावत. डिसेंबर २०२२ पर्यंत कामठी रोड आणि सेंट्रल अव्हेन्यू या दाट भागांतील मार्ग जोडले जाऊन सीताबर्डीला चारी दिशा एकत्र आल्या, तेव्हा गर्दी वाढली.

मग विरळ दिशेला बस कधीच नेऊ नये काय? तसेही नाही. डेन्मार्कच्या कोपेनहेगन शहराने १९४७ मध्ये असे ठरविले की वाढ होईल ती हाताच्या पाच बोटांसारखी, लोहमार्गांच्या कडेनेच. ब्राझीलमधील कुरितिबा नगराने १९७४ पासून स्वतंत्र बसमार्ग सुरू केले आणि उंच इमारतींना परवानगी त्या मार्गांच्या कडेलाच दिली. या दोन्ही ठिकाणी वाहतूक आधी गेली आणि माणसे मागून आली, पण बांधकामाचा नियम वाहतुकीच्या बरोबरीने चालला. रायपूरच्या दक्षिणेस डुंडा-सेजबहारकडे जमीन अद्याप मोकळी आहे तोवर बसची मार्गिका आखून ठेवणे स्वस्त पडेल. घरे उठल्यावर तेथेही तात्यापाऱ्यासारखी गाठ पडेल.

मोडलेली छोटी रेल्वे

या संदर्भात एक हळहळ वाटण्याजोगी गोष्ट सांगितली पाहिजे. बंगाल नागपूर रेल्वेने १९०० मध्ये रायपूरहून धमतरीकडे अडीच फूट रुंदीचा अरुंदमापी लोहमार्ग सुरू केला. अभनपूरहून त्याची एक शाखा राजिमला जात असे. रायपूर स्थानकापासून निघून तो शहराच्या पोटातून तेलीबांध्याला येई आणि मानावरून केंद्री-अभनपूरकडे जाई. गाडी रमतगमत चाले आणि वाटेत फाटकांपाशी सारा रस्ता अडे, म्हणून लोक तिला कंटाळले होते हे खरे. २०१७ मध्ये शहरातील हा भाग बंद झाला, रूळ निघाले आणि त्या जागेवर मोटारींसाठी द्रुतगती रस्ता बांधला गेला.

गाडी जुनाट होती, जमीन जुनाट नव्हती. दाट शहराच्या मध्यातून स्थानकापर्यंत जाणारी सलग पट्टी पुन्हा विकत घ्यावयाची म्हटली तर कोणत्याही नगरपालिकेला झेपणार नाही. पुढे नव्या रायपूरसाठी रुंदमापी मार्ग बांधला तो पूर्वेकडून मंदिर हसौदला वळसा घालून, आणि ३० मार्च २०२५ रोजी रायपूर-अभनपूर अशी मेमू गाडी त्यावरून सुरू झाली. तेलीबांध्याच्या माणसाला नव्या राजधानीस रेल्वेने जावयाचे तर आधी उलट दिशेला स्थानकावर यावे लागते. द्रुतगती रस्त्याची एक मार्गिका बसला देऊन या जागेचा जुना उपयोग काही अंशी परत मिळविता येईल. ही सूचना मोटारमालकांना रुचणार नाही.

केंद्र हलले म्हणजे

२०२१ मध्ये बाहेरगावच्या गाड्यांचा तळ पंडरीहून दक्षिणेस भाटागावला हलविण्यात आला. बाजारातली कोंडी कमी झाली, हा लाभ खराच. परंतु धमतरीकडील खेड्यातून रुग्णाला घेऊन आलेले कुटुंब आता वळणरस्त्यावर उतरते, आणि डॉ. आंबेडकर रुग्णालय, ज्याला सर्व जण मेकाहारा म्हणतात, ते राहते शहराच्या मध्यात, स्थानकाच्या बाजूला. तळ हलविण्याचा खर्च शहराने मोजला. त्या कुटुंबाच्या रिक्षाभाड्याचा खर्च कोणी मोजला नाही. भाटागाव, मेकाहारा, रेल्वे स्थानक हा उत्तर-दक्षिण मार्ग म्हणूनच जी. ई. रोडच्या खालोखाल महत्त्वाचा ठरतो. दोन्ही मार्ग शहराच्या मध्यात एकमेकांस छेदतील, आणि एका तिकिटात गाडी बदलण्याची मुभा दिली तर दोन रेघांतून चार दिशा मोकळ्या होतील.

हाच मार्ग उत्तरेस लांबविला की बीरगाव, उरला आणि सिलतरा येते. आमच्या दृष्टीने विस्ताराचा पहिला मान या दिशेचा आहे. कारखाने पाळ्यांवर चालतात. पाळी सुटते तेव्हा जितके लोक आत जावयाचे असतात जवळजवळ तितकेच बाहेर यावयाचे असतात. अर्थात बस दोन्ही दिशांना भरते, आणि तीही दिवसातून तीन वेळा. कचेरीच्या गर्दीत हे कधी घडत नाही. मात्र वेळापत्रक पाळीच्या भोंग्याला बांधलेले हवे. रात्री दहाला सुटणाऱ्या मजुराला नऊची शेवटची बस काय कामाची?

पश्चिमेस भिलाई-दुर्गकडे बस लांबविण्याचे मात्र कारण दिसत नाही. तेथे लोहमार्ग आहे, सरस्वतीनगर, सरोना, कुम्हारी अशी छोटी स्थानके आहेत. सरस्वतीनगर तर विद्यापीठाच्या परिसराजवळच आहे. बसने गाडीशी स्पर्धा करण्यापेक्षा स्थानकाच्या दारात उभे राहावे.

शाळेसाठी एक प्रयोग

रायपूर असो वा आपले गाव, मागणी कोठे आहे हे शोधावयास महागडी यंत्रे लागत नाहीत. चार विद्यार्थ्यांनी एखाद्या चौकात सकाळी ९ ते १० उभे राहावे. प्रत्येकाने एकच दिशा आणि एकच वाहन घ्यावे: सामाईक रिक्षा, दुचाकी, मोटार, बस. दर पंधरा मिनिटांनी आकडा लिहावा आणि दर दहाव्या वाहनातील माणसे मोजावीत; त्यावरून सरासरी काढून एकूण माणसांचा अंदाज बांधावा. सामाईक रिक्षांच्या रकान्याकडे विशेष लक्ष द्यावे. एका तासात एका दिशेला १२० रिक्षा गेल्या आणि प्रत्येकीत सरासरी ५ माणसे होती, तर ६०० माणसे झाली. साठ माणसांची बस दर सहा मिनिटांनी त्या रस्त्यावर भरून धावेल. हीच मोजणी सायंकाळी ५ ते ६ या वेळात उलट दिशेला पुन्हा करावी आणि दुपारी २ ते ३ एकदा करावी. तीन आकडे जितके जवळ येतील तितका तो मार्ग बसला अधिक योग्य. सकाळचा आकडा मोठा आणि दुपारचा शून्याजवळ असेल, तर तेथे काय चालले आहे ते विद्यार्थ्यांनी नकाशा पाहून ओळखावे.